फॅक्टरी .२२ बोल्ट-ॲक्शन रायफल ५० मीटरवर नेमकी लागावी यासाठी काय करावं, कोणत्या क्रमानं करावं

५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. तिथून बाहेर प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर रुंद. म्हणजे दशांशातल्या गुणांत ०.१ गुण हा जेमतेम ०.८ मिलिमीटरचा खेळ आहे. निजून मारण्याच्या ६० गोळ्यांच्या स्पर्धेत कमाल ६५४.० गुण मिळू शकतात आणि वरच्या शूटर्समधला फरक अनेकदा एखाद्या गुणाच्या आतला असतो. रायफलीनं दर गोळीला तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे टाकले, तर शूटर कितीही स्थिर असला तरी ते गुण गेलेच.

तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे निजून मारण्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, निजून आणि उभं राहून मारण्याच्या प्रकारात) ब्राँझ जिंकलं. त्यानंतर कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या रेंजवर .२२ हातात घेणारी मुलं वाढली आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हातात क्लबची जुनी अँशुट्झ, सेकंडहँड वाल्थर किंवा सीझेडसारखी साधी फॅक्टरी रायफल असते. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पैसे उभे केलेले असतात, आणि ते पैसे चुकीच्या क्रमानं खर्च होताना दिसतात: आधी महागडं बटप्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग), मग ट्यूनर (नळीच्या तोंडावरचं सरकतं वजन), मग नवा डायॉप्टर (बारीक छिद्राची मागची साइट), आणि काडतुसं मात्र मिळतील ती. माझं म्हणणं सरळ आहे. फॅक्टरी रायफलीची अचूकता वाढवायची तर आधी मोजा, मग स्वच्छ करा, मग काडतूस निवडा, मग स्क्रू आणि बेडिंग (रायफलीचा धातूचा भाग दस्त्यात बसतो ती बैठक) बघा. नळीला हात लावायची वेळ शेवटी येते, बहुतेकदा येतच नाही.

कायद्याचं आधी सांगतो. सफाई, स्क्रूचा टॉर्क, साइट, गालाचा आधार, बटप्लेट ही कामं परवानाधारकानं किंवा क्लबच्या जबाबदार माणसानं करायची आहेत. नळी कापणं, चेंबरला (काडतूस बसतं त्या जागेला) हात लावणं, क्राउन (नळीच्या तोंडाची कड) पुन्हा कापणं ही कामं परवानाधारक गनस्मिथकडेच द्यायची. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दुरुस्ती आणि बदलाच्या धंद्याला परवाना लागतो, आणि परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. ओळखीच्या लेथवाल्याकडे रायफल नेऊ नका, तो कितीही कुशल असला तरी.

आणखी एक. खाली सांगितलेलं प्रत्येक काम सुरू करण्याआधी बोल्ट काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं रिकामं असल्याची खात्री करा, काडतुसं दुसऱ्या टेबलावर ठेवा.

आधी मोजमाप

रायफल किती बरी आहे हे माहीत नसेल तर ती सुधारली की नाही हे कधीच कळणार नाही. म्हणून पहिल्या दिवशी काहीही न बदलता फक्त मोजायचं.

पुढे पक्का रेस्ट, मागे वाळूची पिशवी, टेबल न हलणारं. रेस्टवर फोरएंड (दस्त्याचा नळीखालचा पुढचा भाग) टेकवा, नळी नाही. प्रत्येक गोळीला फोरएंड त्याच जागी टेकला पाहिजे, म्हणून चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा. एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेली, काडतुसं घ्या. आधी दहा-पंधरा गोळ्या बाजूला मारून नळी तयार करा, मग दहा-दहा गोळ्यांचे पाच ग्रुप (एकाच ठिकाणी नेम धरून मारलेले पुंजके) मारा. मधे साइट हलवायची नाही. ग्रुप मध्यापासून बाजूला पडला तरी चालेल, इथे फक्त पसारा बघायचा आहे.

दहा गोळ्या का, तीन का नाहीत? कारण संख्याशास्त्र. गोळ्यांचा पसारा दोन्ही दिशांना सारखा असेल तर तीन गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी रुंदी प्रमाण विचलनाच्या २.४१ पट, पाच गोळ्यांची ३.०७ पट आणि दहा गोळ्यांची ३.८१ पट येते. म्हणजे तीच रायफल, तेच काडतूस, पण तीन गोळ्यांचा ग्रुप दहाच्या ग्रुपपेक्षा सुमारे ३७ टक्के लहान दिसतो. मोबाइलवर फिरणारे ‘एका छिद्रातले’ तीन गोळ्यांचे फोटो बघून आपली रायफल वाईट आहे असं ठरवू नका.

रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक गोळीची जागा आकड्यांत मिळते, तो प्रिंट जपून ठेवा. कागदी टार्गेट असेल तर सर्वात दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर कॅलिपरनं मोजा आणि त्यातून ५.६ मिलिमीटर वजा करा. चांगली मॅच रायफल आणि तिला मानवणारा लॉट असेल तर दहा गोळ्या दहा-बारा मिलिमीटरच्या आसपास बसतात. साधी स्पोर्टर वीस-पंचवीस मिलिमीटर देत असेल तर ती बिघडलेली नाही, तिच्यात सुधारायला जागा आहे.

हवा बघा. साधारण वेगाच्या .२२ गोळीला आडव्या वाऱ्याचा प्रत्येक मीटर प्रति सेकंद ५० मीटरवर सहा-सात मिलिमीटर ढकलतो. झाडाचं पान जेमतेम हलेल एवढ्या वाऱ्यात पाऊण गुण गेला. म्हणून चाचणी सकाळी लवकर, वारा सुटण्याआधी करावी, आणि शक्य असेल तर बंद रेंजवर.

ग्रुपचा आकार खूप काही सांगतो. उभा लांबट ग्रुप असेल तर काडतुसांच्या वेगातला फरक, फायरिंग पिनचा कमीजास्त मार किंवा फोरएंडचा नळीवर दाब, यांतलं काहीतरी आहे. आडवा असेल तर आधी वारा, मग रायफल कलती धरली जाते का ते तपासा. दोन वेगळे पुंजके पडत असतील तर काहीतरी सैल आहे: ॲक्शनचा स्क्रू, साइटचा पाया किंवा स्कोपची रिंग. ग्रुप हळूहळू एका दिशेनं सरकत असेल तर नळी कुठेतरी लाकडाला टेकते आहे.

साइटचे आणि स्कोपचे सगळे स्क्रू याच वेळी तपासून घ्या. पुढच्या साइटचा पाया बोटांनी हलवून बघा. .२२ वर सेंटरफायरसाठीचा (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध प्रायमर असलेल्या मोठ्या रायफलीसाठीचा) स्कोप लावला असेल तर त्याचं पॅरॅलॅक्स बहुधा १०० यार्डांवर बांधलेलं असतं. ५० मीटरवर डोळा जरा इकडेतिकडे झाला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकताना दिसतो. पॅरॅलॅक्स बदलता येणारा स्कोप घ्या किंवा चाचणीपुरता कोणाचा तरी आणा. नाहीतर डोळ्याची चूक रायफलीच्या नावावर लिहिली जाईल.

सफाई: घाई नको, जोर नको

.२२ च्या शिशाच्या गोळीवर बाहेरून मेणासारखं वंगण असतं आणि गोळीचा वेगही कमी. त्यामुळे नळी झिजायला फार काळ लागतो. पण चेंबर संपतं आणि रायफलिंग (नळीतल्या पिळाच्या खाचा) सुरू होतं तिथे जळलेल्या पावडरीचा, शिशाचा आणि प्रायमरच्या राखेचा एक कडक वेढा बसतो. .२२ च्या बऱ्याच प्रायमर मिश्रणांत बारीक काचेची पूड असते, म्हणून तो वेढा फारच चिवट होतो. जुन्या क्लब रायफली ‘आता लागत नाहीत’ म्हणून कोपऱ्यात पडतात, त्यांतल्या कित्येकींचा दोष एवढाच असतो.

सफाई नेहमी चेंबरकडून तोंडाकडे. एकसंध, प्लॅस्टिकचं आवरण असलेली सळई वापरा, आणि बोल्टच्या जागी बोअर गाइड (सळई सरळ नेणारी नळी) बसवा म्हणजे सळई नळीच्या भिंतीला घासणार नाही. जोडाची ॲल्युमिनियमची सळई तोंडाकडून घुसवणं हा रायफलीचा क्राउन खराब करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. विद्रावकात भिजवलेला कापडाचा पॅच किंवा फेल्टची गोळी पूर्ण नळीतून एकाच दिशेनं ढकला, तोंडाशी काढून घ्या, सळई मागे ओढा. दहा मिनिटं विद्रावक मुरू द्या. मग ब्राँझचा ब्रश फक्त चेंबरच्या पुढच्या दोन-तीन इंचांत काही वेळा फिरवा, कारण वेढा तिथेच असतो. पुन्हा पॅच, शेवटी दोन कोरडे. कुठल्याही घासणाऱ्या पेस्टला हात लावू नका.

सफाईनंतर नळी लगेच नीट मारत नाही. आतल्या पृष्ठभागावर वंगणाचा पातळ थर पुन्हा बसावा लागतो. त्याला काही नळ्यांना दहा गोळ्या लागतात, काहींना पंचवीस. आपल्या नळीला किती लागतात ते वहीत लिहा आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी खडखडीत सफाई करून थेट मॅच मारायला जाऊ नका. रोजच्या सरावानंतर एक-दोन पॅच पुरेत.

आपल्याकडे पावसाळ्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. जूनपासून कोकणात आणि घाटमाथ्यावर स्पंजच्या केसमध्ये बंद ठेवलेली रायफल ओल धरते. रेंजवरून आल्यावर केस उघडी ठेवा, नळीतून तेलाचा हलका पॅच फिरवा, कपाटात सिलिका जेल ठेवा. आणि पुढच्या वेळी मारण्याआधी ते तेल कोरड्या पॅचनं काढा. तेलकट नळीतून पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात.

काडतूस: खरा फरक इथेच

सेंटरफायर रायफलवाले पावडर, गोळी, लांबी बदलून आपल्या नळीला जुळेल असं काडतूस स्वतः भरतात. .२२ रिमफायरमध्ये तो मार्ग बंद आहे. प्रायमर काडतुसाच्या काठातच भरलेला असतो, कारखान्यातून येतं तेच वापरायचं. त्यामुळे आपल्या हातात एकच गोष्ट उरते, निवड. आणि ती महत्त्वाची, कारण एकाच रायफलीत एका लॉटचा दहा गोळ्यांचा ग्रुप अकरा मिलिमीटर आणि त्याच ब्रँडच्या, त्याच किमतीच्या दुसऱ्या लॉटचा अठरा मिलिमीटर येऊ शकतो.

आधी वेगाचं बघू. मॅच काडतुसातली ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी नळीतून सुमारे ३२० ते ३३५ मीटर प्रति सेकंदानं निघते. हे मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवलेलं असतं. आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला ३४३ मीटर प्रति सेकंद. हाय-व्हेलॉसिटी काडतुसाची गोळी त्याच्या वर सुरू होते आणि वाटेत खाली येताना डगमगते. शिवाय त्या वेगाला हवेचा अडथळा एवढा वाढतो की वाऱ्यात ती हळू गोळीपेक्षा जास्त सरकते. ५० मीटरच्या टार्गेटसाठी हाय-व्हेलॉसिटी काडतूस विकत घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

मग गोळ्यागोळ्यातला वेगाचा फरक. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक असेल तर ५० मीटरवर त्यांच्या उंचीत सुमारे ७ मिलिमीटरचा फरक पडतो. हे निव्वळ गुरुत्वाकर्षण आहे. हळू गोळी हवेत जास्त वेळ राहते, म्हणून जास्त खाली येते. रिंग ८ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ पूर्ण एक गुण. महाग काडतूस महाग का, तर त्याच्या पेटीतल्या पन्नासही गोळ्यांच्या वेगात फरक कमी असतो.

पण महाग म्हणजे आपल्या नळीला मानवणारं असं नाही. एली टेनेक्स, लापुआ सेंटर-एक्स, आरडब्ल्यूएस आर-५०, एसके स्टँडर्ड प्लस ही नावं रेंजवर सगळ्यांच्या तोंडी आहेत. लापुआ आणि एसके या दोन्ही ब्रँडची .२२ काडतुसं जर्मनीत श्योनेबेकच्या एकाच कारखान्यात होतात. मी नवख्या शूटरला आधी एसकेपासून सुरुवात करायला सांगतो. त्याचा चांगला लॉट सापडला तर जिल्हा आणि राज्य पातळीपर्यंत काहीही अडत नाही, आणि वाचलेल्या पैशांत दुप्पट सराव होतो.

लॉट तपासायची पद्धत अशी. पन्नासच्या पेटीवर लॉट नंबर छापलेला असतो. एलीच्या पेटीवर त्यासोबत वेगही फूट प्रति सेकंदात असतो. तीन-चार वेगवेगळ्या लॉटच्या प्रत्येकी दोन पेट्या मिळवा. आपल्याकडे ही काडतुसं आयात होतात, परवान्यावर कोटा असतो, दुकानात हवे तेवढे लॉट निवडायला मिळत नाहीत. म्हणून क्लबनं एकत्र मागणी करताना लॉटच्या चाचणीचा आग्रह धरला पाहिजे, आणि प्रत्येक व्यवहार परवान्याच्या नोंदीत बसला पाहिजे.

लॉट बदलला की आधी दहा-पंधरा गोळ्या नळीला नव्या वंगणाची सवय होण्यासाठी मारा. ब्रँड बदलला असेल तर थोड्या जास्त, कारण वंगणाचं मिश्रणच वेगळं असतं. मग दहा गोळ्यांचे दोन ग्रुप. सगळे लॉट एकदा झाले की उलट्या क्रमानं पुन्हा प्रत्येकी दोन ग्रुप मारा. सरळ ओळीनं गेलात तर पहिल्या लॉटला सकाळची शांत हवा मिळते आणि शेवटच्याला अकरा वाजताचा वारा. चार ग्रुपांची सरासरी काढा. दोन लॉटच्या सरासरीत दहा टक्क्यांपेक्षा कमी फरक असेल तर तो योगायोग समजा आणि स्वस्त लॉट घ्या.

सरासरीसोबत सगळ्यात वाईट ग्रुपही बघा. तीन ग्रुप अकराचे आणि चौथ्यात एक गोळी सात मिलिमीटर बाहेर, असा लॉट मला नको. मॅचमध्ये ती बाहेरची गोळी शूटरच्या मनात घर करते. ट्रिगर चुकला की काडतूस, याचा विचार करत तो पुढच्या पाच गोळ्या घालवतो.

लॉट जुळला की परवान्यात आणि खिशात बसेल तेवढा एकदम घ्या. ५०० ची एक ब्रिक, ५००० ची एक केस असा हिशेब असतो. वर्षभराची मॅचची काडतुसं एकाच लॉटची असावीत, सरावाला दुसरा लॉट चालतो. काठाची जाडी मोजून किंवा वजन करून काडतुसं वेगळी करायची पद्धत काही जण पाळतात. वाईट लॉट त्यानं चांगला होत नाही आणि चांगल्या लॉटला त्याची गरज नसते. तो वेळ ड्राय सरावाला, म्हणजे काडतुसाविना सरावाला, द्यावा.

ॲक्शनचे स्क्रू आणि बेडिंग

काडतुसानंतर सर्वाधिक फायदा इथे मिळतो, तोही जवळजवळ फुकट. बोल्ट आणि नळी धरणारी लोखंडी ॲक्शन स्टॉकमध्ये (दस्त्यात) दोन स्क्रूंनी धरलेली असते. गोळी सुटताना नळी दर वेळी एकसारखीच थरथरली पाहिजे. ॲक्शन स्टॉकमध्ये केसभर जरी हलली तरी ती थरथर बदलते.

त्यासाठी न्यूटन-मीटरमध्ये आकडे असलेला, एक ते सहा-सात न्यूटन-मीटर मापणारा लहान टॉर्क रेंच लागतो. गॅरेजमधला मोठा रेंच या कामाचा नाही. हाताच्या अंदाजावर ॲलन की फिरवून दर वेळी तोच ताण येत नाही. क्लबमध्ये एक रेंच सगळ्यांना पुरतो.

रायफलीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा ही सुरुवात. अँशुट्झच्या मॅच रायफलींवर शूटर बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास सुरू करतात. साध्या लाकडी स्टॉकच्या, स्क्रूभोवती धातूचे पिलर नसलेल्या स्पोर्टरला एवढा ताण दिला तर लाकूड चेंगरतं, तिला साधारण दोन ते अडीच पुरतो. रायफल बटावर उभी करा, म्हणजे ॲक्शन आपल्या वजनानं मागे टेकून बसते. दोन्ही स्क्रू हातानं लावा, मग अर्धा ताण पुढे, अर्धा मागे, मग पूर्ण ताण पुढे, पूर्ण मागे. दहा गोळ्यांचे दोन ग्रुप मारा. मग दोन्ही स्क्रू ०.५ न्यूटन-मीटरनं वाढवा, पुन्हा दोन ग्रुप. एकदा कमी करून बघा. ताण थोडा इकडेतिकडे झाला तरी ग्रुप लहानच राहतो असा एक पट्टा सापडतो. त्या पट्ट्याच्या मध्यावर थांबा. फक्त एकाच आकड्याला ग्रुप लहान आणि दोन्ही बाजूंना मोठा होत असेल तर बेडिंगमध्ये दोष आहे.

बेडिंगचा दोष पकडायला डायल गेज (बारीक हालचाल काट्यानं दाखवणारं माप) उत्तम. त्याचा चुंबकी पाया नळीवर आणि टोक फोरएंडच्या पुढच्या भागावर टेकवा. मागचा स्क्रू घट्ट ठेवून पुढचा सावकाश सैल करा. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत हलला तर बेडिंग चांगलं. त्यापेक्षा बराच जास्त हलला तर ॲक्शन स्क्रूनं ओढून वाकवली जाते आहे. हीच चाचणी मागच्या स्क्रूवर करा. डायल गेज नसेल तर नळी आणि फोरएंड एका हाताच्या बोटांत धरून दुसऱ्या हातानं स्क्रू सैल करा, हालचाल बोटांना जाणवते.

नळी फोरएंडला टेकते का ते बघायला कागदाची दुहेरी घडी नळीखालून चेंबरपर्यंत सरकवा. अडली तिथे टेकते. काही फॅक्टरी रायफलींमध्ये फोरएंडच्या टोकाशी नळीला मुद्दाम एक आधार दिलेला असतो. तो काढण्याआधी, आधारासह आणि कागदाच्या पट्ट्यांनी नळी किंचित उचलून, दोन्ही प्रकारे मारून बघा. लाकडी स्टॉकच्या बाबतीत पावसाळ्यात ही तपासणी पुन्हा करा. हवेतली ओल लाकूड फुगवते, मेमध्ये मोकळी असलेली नळी जुलैत टेकू शकते आणि स्क्रूचा ताणही बदलतो. पॉलिश नसलेलं आतलं लाकूड सील करून घेणं हे स्वस्त आणि टिकाऊ काम आहे. पातळ वार्निशचे दोन-तीन हात पुरतात.

इपॉक्सी बेडिंग स्वतः करायचं असेल तर साध्या लाकडी स्टॉकवर करा, महागड्या मॅच स्टॉकवर जाणकाराशिवाय नको. ॲक्शन टेकते त्या जागेचं लाकूड दीड-दोन मिलिमीटर खरवडा. मूळ जागेच्या दोन लहान पट्ट्या तशाच ठेवा, म्हणजे उंची बदलत नाही. स्क्रूच्या वाटेत ॲल्युमिनियमच्या नळ्या, म्हणजे पिलर, बसवा. मग स्क्रूनं लाकूड चेंगरत नाही आणि पावसाळ्याचा त्रास निम्मा होतो. ॲक्शनच्या सगळ्या खाचा आणि भोकं मुलांच्या क्लेनं भरा, नाहीतर इपॉक्सी आत शिरून ॲक्शन कायमची अडकते. धातूला रिलीज एजंट किंवा मेणाचे दोन हात सगळीकडे द्या, स्क्रूच्या आट्यांवरसुद्धा. रिकॉइल लग (धक्का स्टॉकवर घेणारा ॲक्शनखालचा ठोकळा) असेल तर त्याच्या पुढच्या, खालच्या आणि बाजूच्या कडांवर टेप लावा. फक्त मागची बाजू इपॉक्सीला टेकायला हवी. नळीला टेपचे वेढे देऊन ती फोरएंडच्या मधोमध बसवा. लोखंडाचा चुरा असलेली घट्ट इपॉक्सी भरा, ॲक्शन बसवा आणि स्क्रू न आवळता रबरी पट्टीनं हलकेच धरून ठेवा. स्क्रू आवळले तर वाकलेल्या ॲक्शनचाच साचा तयार होईल. चोवीस तास हात लावू नका. नंतर काढून वर आलेल्या कडा साफ करा, डायल गेजची चाचणी पुन्हा करा.

बोल्ट, फायरिंग पिन, ट्रिगर

रिमफायरमध्ये पिन काठावर मारते आणि तो मार दर वेळी सारखा हवा. बोल्ट पुस्तिकेप्रमाणे उघडा, जुनं घट्ट झालेलं तेल पुसा, पिन आणि स्प्रिंग जवळजवळ कोरडी ठेवा. बोल्ट अडकवणारे लग आणि पिन मागे खेचणारा कॉकिंग कॅम यांवर मात्र ग्रीसचा ठिपका हवा. वापरलेली काडतुसं ओळीनं लावून काठावरच्या खुणा बघा. काही खोल, काही उथळ दिसल्या तर स्प्रिंग थकली आहे, ती बदला. सफाई आणि लॉट दोन्ही ठीक असताना ग्रुप उभा पसरत असेल तर मी सर्वात आधी स्प्रिंग बघतो.

ड्राय सराव करताना रायफल रिकामी मारायला परवानगी आहे का, हे पुस्तिकेत वाचा. अनेक .२२ मध्ये पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे खाच पडते. मग काडतूस नीट बसत नाही आणि निघतही नाही. प्लॅस्टिकचं डमी किंवा ड्राय-फायर ट्रिगर वापरा.

ट्रिगर रायफलीची अचूकता वाढवत नाही, शूटरची वाढवतो. दिलेल्या स्क्रूंनी जेवढा हलका आणि स्वच्छ होईल तेवढा करा. ५० मीटर रायफलला किमान वजनाचं बंधन नाही, तरी नवख्यानं अगदी हलक्यावर जाऊ नये. प्रत्येक बदलानंतर रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोरात बंद करा आणि बट रबराच्या मॅटवर आपटा. एकदाही घोडा सुटला तर तो बदल रद्द. सीअरला (पिन अडवून धरणाऱ्या ट्रिगरच्या भागाला) कानस लावू नका.

क्राउन आणि नळी

नळीच्या तोंडाची शेवटची कड म्हणजे क्राउन. गोळी सुटताना मागचा वायू चारी बाजूंनी एकाच वेळी निसटला पाहिजे. कडेला एक बारीक खाच असेल तर वायू तिथून आधी निघतो आणि गोळीला तिरका धक्का बसतो. भिंगातून बघा. कानाच्या कापसाची काडी आतून बाहेर ओढून फिरवा, जिथे तंतू अडकेल तिथे खाच आहे. चांगल्या रायफलीच्या क्राउनवर काही फेऱ्यांनंतर वंगणाचा फुलासारखा, सर्व बाजूंना सारखा डाग पडतो. एकीकडे झुकलेला डाग दिसला तर क्राउनवर संशय घ्या. दुरुस्ती गनस्मिथकडे, तिचा खर्च नव्या नळीच्या मानानं किरकोळ असतो.

नळीवरचा ट्यूनर ही वजन पुढेमागे सरकवून थरथर जुळवायची वस्तू आहे. ती उपयोगी आहे, पण लॉट ठरल्यावर आणि बेडिंग पक्कं झाल्यावरच. आधी लावलात तर दर काडतुसाला वेगळी सेटिंग सापडेल आणि तुम्ही गोल गोल फिरत राहाल.

रेस्टवरून स्लिंगवर

रेस्टवर रायफल बारा मिलिमीटर मारते आणि तुमच्या खांद्यावरून तीस, तर उरलेलं काम स्टॉकच्या मापाचं आहे. बटप्लेटची लांबी अशी ठेवा की ट्रिगरवरचं बोट सरळ मागे ओढेल. गालाचा आधार असा की डोळे मिटून गाल टेकवला आणि उघडले तर डायॉप्टरच्या मध्यात बघाल. हँडस्टॉपची (पुढचा हात अडवणाऱ्या भागाची) जागा स्लिंगच्या, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्याच्या, ताणावरून ठरते. प्रत्येक जागेला मिलिमीटरच्या पट्टीवरचा आकडा वहीत लिहा. पुढच्या साइटची रिंग फार घट्ट घेऊ नका. काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कडा स्पष्ट दिसली पाहिजे, नाहीतर डोळा दमतो आणि रायफलीवर खापर फुटतं.

पोझिशनमध्ये एक ग्रुप मारून बघा, मग डोळे मिटून श्वास सोडा आणि उघडा. साइट टार्गेटच्या बाजूला गेली असेल तर हातानं ओढून आणू नका, पोटाखालून सगळं शरीर सरकवा.

वहीत प्रत्येक दिवसाची तारीख, लॉट नंबर, टॉर्क, सफाईपासूनच्या गोळ्या, तापमान आणि वारा लिहा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये स्क्रूचा टॉर्क आणि कागदाच्या घडीची तपासणी पुन्हा करा, उरलेल्या लॉटचे दोन ग्रुप मारा आणि मे महिन्याच्या पानाशी ताडून बघा. आकडे जुळले तर राज्य स्पर्धेपर्यंत रायफलीला हात लावू नका.